मागच्या दाराची वहिवाट

मॅडम,

तुम्ही गेल्यावर इतक्या वर्षांनी लिहायला बसले, तेही एका इंग्रजी शब्दासाठी. कॉन्स्विट्यूड. तुमच्या स्वयंपाकघरात मी शिकवणीला पाटावर वही घेऊन बसलेली, तुम्ही मेथी निवडताय. अर्थ विचारलात, मी म्हटलं, "सवय." तुम्ही जुडी ताटात आपटलीत. "सवय एकट्याची असते गं. तू नखं खातेस, ती सवय. हा शब्द पुष्कळांचा. लोक एखादी गोष्ट करत राहतात, कोणी अडवत नाही, आणि मग तीच कायद्यासारखी होऊन बसते. वहिवाट म्हण." वर बजावलंत, हा शब्द जुन्या कायद्याच्या पुस्तकांत शोभतो, चहाच्या सवयीला लावलास तर लोक हसतील. मी तो कधी कशालाच लावला नाही.

आता लावावा लागतोय, आणि सकाळपासून मी एका जागी बसलेली नाही. निजामपुऱ्यातली वडिलांची यंत्रमागाची शेड विकायची आहे. लूम केव्हाच भंगारात गेले. शेडमधून, मागच्या दाराने, गल्लीतल्या बायका मोठ्या रस्त्याला लागतात, मला कळायला लागलं त्याच्याही आधीपासून. घेणाऱ्याला ते दार बुजवून हवंय. इथून कोणाचीही वहिवाट नाही, असं मी उद्या सही करून द्यायचं आहे.

मघाशी मागच्या घरातली खाला पिशवी घेऊन आली. मी दार अडवून उभी. म्हटलं, "हा काय तुमच्या बापाचा रस्ता आहे?"

ती थांबलीसुद्धा नाही. "मेरे बाप का नहीं, आपके अब्बा का है. उन्होंने कभी टोका क्या? हटो, रिक्शा निकल जाएगी." आणि मला कोपराने सरकवून गेली.

वडिलांनी खरंच कधी 'जा' म्हटलं नाही, 'जाऊ नका'ही म्हटलं नाही. तुमचा अर्थ पिशवी घेऊन माझ्या अंगावरून चालत गेला, मॅडम. सही केली तर ती खोटी. नाही केली तर गिऱ्हाईक हातचं जातं, आणि ही रिकामी शेड झाडत मी इथेच. पेन उघडते, बंद करते, उठून कडी बघून येते.

सही मी करणार नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगते: ते त्या बायकांच्या हक्कासाठी, असं समजू नका. त्या दाराशी रोज भांडण होतं. दिवसभरात माझ्याशी दुसरं कोणी बोलत नाही.