कढई, घड्याळ आणि माझं नाक

कुरुंदा, फाल्गुन वद्य पंचमी

कळमनुरी मुक्कामी सौभाग्यवती पार्वतीआक्काच्या पायांवर धाकट्या नर्मदेचा माथा. किसनराव दाजींना वेगळा नमस्कार, कारण पत्र तेच वाचून दाखवणार आणि नमस्कार नसला तर मधल्या ओळी गाळतील. तुझा गुडघा कसा आहे? तेल चोळ, पण गावभर सांगत फिरू नकोस; दुखणं लोकांना कळलं की बाईला म्हातारी ठरवायला वेळ लागत नाही. माझी तब्येत उत्तम आहे. माझी साठी उलटली असं माझा लेक माणिकराव म्हणतो, पण त्याला काय माहीत, तो तर माझ्यानंतर जन्मला. (हे पत्र सूनबाईच्या हातचं आहे. सांगणारी मी, लिहिणारी ती. हिंगोलीला चार बुकं शिकलेली, अक्षर सुरेख, भाकरी मात्र एका बाजूला जाड. लिही, भाकरीचंही लिही.)

तर झालं असं, यंदा हळद निघाली आणि माझ्या लेकानं ठरवलं की आता आईनं कढईपाशी उभं राहायचं नाही. तुला ठाऊकच आहे, हळदीची कढई चुलवणावर चढली की ती उतरवायचा हुकूम घरात एकाच माणसाचा असतो. कच्ची उतरली तर हळद वाळल्यावर ठिसूळ होते, जास्त शिजली तर रंग जातो, आणि मग वर्षभराची मेहनत मातीत. मालक गेले त्या सालापासून तो हुकूम माझा आहे. बाकीचे लोक हळदीच्या कांडाला काडी टोचून बघतात. मी काडी हातात धरत नाही. वाफेचा वास फिरला की मी म्हणते, उतरवा, आणि गडी उतरवतात.

माणिकरावानं नांदेडहून गजराचं घड्याळ आणलं. सोबत तुळशीची माळ. म्हणाला, "आई, तू लई केलंस. आता वसरीवर बसून माळ ओढ. कढईचं हे घड्याळ बघून घेईल." आक्का, मला राग घड्याळाचा आला नाही, माळेचाही नाही. राग आला तो ओसरीचा. बाई एकदा ओसरीवर बसली की तिला परत कोणी उठवत नाही, फक्त मूग निवडायला आणून देतात. मी दोन दिवस बसले, मूगही निवडले. शेजारीण सरळ येऊन जवळ बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "काहून बसून राहिल्या वो? जेवण जाते का?" तिसऱ्या दिवशी मी माळ खुंटीला अडकवली (देव समजून घेईल, त्यालाही कामं असतात) आणि शेतात गेले.

तिथं पहिली कढई घड्याळाच्या ताब्यात होती. दगडोबानं, म्हणजे आमच्या जाळ घालणाऱ्या गड्यानं, त्या दिवशी ओली लाकडं लावली होती. ते घड्याळाला कुठून कळणार? त्यानं आपल्या वेळेला गजर केला. गजर असा खणखणला की बैल दचकून गाडीसकट बांधावर चढले, आणि सगळे बैलांमागे धावले. माणिकरावानं मात्र आधी कढई उतरवून घेतली, वेळ पाळायला नको का? कांड मोडून पाहिलं तर कचकन आवाज आला. पार कच्चं.

दुसऱ्या कढईपाशी मी उभी राहिले. डोळे मिटले, नाक वर केलं. बराच वेळ गेला, लोक चुळबुळायला लागले, मी ढिम्म. मग म्हणाले, उतरवा. माणिकरावानं कांड दाबून बघितलं, मऊ होतं. मोडून बघितलं, आत सारखा रंग. त्यानंतर नऊ कढया उतरल्या आणि एकही बिघडली नाही. आता गावातले दुसरे शेतकरीसुद्धा मला बोलवायला येतात (मी जाते ती सूनबाईला सोबत घेऊनच) आणि घड्याळ कोंबड्यांच्या खुराड्यावर आहे. मला याचा अभिमान वाटतो, आणि तो मी कशाला लपवू? तरणी होते तेव्हा लोक मला अमक्याची सून, तमक्याची बायको म्हणून ओळखायचे. आता माझ्या कामानं ओळखतात. म्हातारपण असं येत असेल तर खुशाल येऊ दे.

तुझी नर्मदा

ता. क. मावशी, मी आशा लिहिते. सासूबाई पाणी प्यायला उठल्या आहेत म्हणून घाईत. वरचं सगळं खरं आहे, फक्त नाकाचं नाही. गेल्या वर्षीच्या पडशापासून त्यांना कसलाच वास येत नाही. परवा शेजारी दूध करपलं तरी त्या शांत बसून होत्या. वाफेचा वास फिरला की शेजारी उभी राहून मी खोकते आणि त्या "उतरवा" म्हणतात. त्यांना वाटतं, आपणच ओळखलं. घरात हे कुणालाही माहीत नाही. कळमनुरीच्या वैद्यबुवांकडून नाकात घालायचं तेल पाठवा, पण केसांचं म्हणून पाठवा. त्यांचा हुकूम मी जाऊ देणार नाही.

आनखी ता. क. आक्का, हे मी सोता लिहून राहिले. अक्षर मोठं हाय, दाजीला चष्मा लागनार न्हाई. पावसाळ्यात नातीच्या पाटीवर शिकले, कुनाला सांगितलं न्हाई. सूनबाई पाकीट चिकटवायला खळ आनायला गेली तवा तिचं वाचलं. पोरगी मला भोळी समजते. धूर काय कढई शिजल्यावरच लागतो व्हय? मला पयल्या दिवसापासून ठावं हाय. बोलले असते तर ती खोकायची बंद झाली असती. तेल नको. बाजारातून हिरवं लुगडं घे, चांगल्या काठाचं, आन माझ्या नावानं धाड. मग विधवेला हिरवं काहून धाडलं म्हनून मी तुला चार शिव्या देईन आन ते तिला नेसवीन. पुढच्या सालापासून हुकूम तिचा. पर आताच बोलू नको, माझ्या चार कढया आजून राहिल्या.