दोन्ही बाजूंची भाषणं

३ नोव्हेंबर, सोमवार
मुदतवाढीचा अर्ज दिला. दैनिकाच्या संपादकीय पानावर एकतीस वर्षं झाली, नोव्हेंबरअखेर साठ पूर्ण. मालक यशवर्धनजी म्हणाले, ‘‘देखते हैं, सर.’’ रमाला सांगितलं. ती म्हणाली, ‘‘मिळूच दे बाई! तुम्ही दिवसभर घरी बसलात तर मलाच कुठेतरी नोकरी धरावी लागेल.’’

५ नोव्हेंबर
इथल्या मराठी मंडळाच्या वादसभेचा विषय — ‘निवृत्तीचं वय वाढवावं का?’ शेजारचे अच्युतराव ‘वाढवावं’च्या बाजूने. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर देखरेख करतात. म्हणाले, ‘‘अरे भिया, भाषण तूच लिहून दे!’’ मंडळात सगळ्यांची भाषणं मीच लिहितो — सत्कार, वाढदिवस, श्रद्धांजली. हो म्हटलं. विषय तर माझाच!

६ नोव्हेंबर
भाची मिताली आली. सिमरोलजवळच्या एका कॉलेजात शिकवते. ती विरुद्ध बाजूला, तिलाही भाषण हवं.
‘‘मामा, चार वर्षांत हे पाचवं कॉन्ट्रॅक्ट. उन्हाळ्यात पगार बंद. पीएफ नाही, टीडीएस मात्र बरोबर कटतो! साठीवाले उठणारच नाहीत, तर आम्ही बसायचं कुठे?’’
म्हटलं, ‘‘अगं, अच्युतरावांचं मीच लिहितोय.’’
‘‘मग तर मस्तच! ते काय बोलणार ते तुम्हाला आधीच माहीत.’’
नाही म्हणता आलं नाही. एकतीस वर्षांत कुठल्या मजकुराला नाही म्हटलंय?

९ नोव्हेंबर
अच्युतरावांच्या भाषणात चार दिवस गेले. वाढलेलं आयुर्मान, पेन्शनचा बोजा, अनुभवाची किंमत — सगळं घातलं. एका परिच्छेदाला डोळे भरून आले. खोडला, पुन्हा लिहिला.
मितालीचं — सकाळचे पोहे होईपर्यंत, चाळीस मिनिटांत. खाडाखोड नाही.

११ नोव्हेंबर
यशवर्धनजी अजून ‘देखते हैं’वरच.

१६ नोव्हेंबर, रविवार
हॉलच्या दारातच कळलं — आजचे अध्यक्ष यशवर्धनजी! आई मराठी, म्हणून मंडळाने बोलावलं. मला कुणी सांगायचं?
अच्युतराव बोलले. रजेचा अर्ज वाचून दाखवावा तसं. चूक त्यांची नव्हती — लिहिलंच तसं होतं! प्रत्येक वाक्यात ‘कृपया’ नव्हतं एवढंच.
मग मिताली. ‘‘अनुभव वाटायचा असतो, अडवून ठेवायचा नसतो!’’ टाळ्याच टाळ्या. मीही वाजवल्या. चांगलं वाक्य होतं.
यशवर्धनजी माझ्याकडे बघून म्हणाले, ‘‘सर, मितालीजी ने तो आँखें खोल दीं.’’
परतताना स्कूटरवर मागून रमा — ‘‘दोन्हीकडून तुम्हीच बोलत होतात ना? हरलात मात्र एकाच बाजूने!’’

१८ नोव्हेंबर
अर्ज नामंजूर. पत्रात लिहिलंय की अनुभव वाटायचा असतो, अडवून ठेवायचा नसतो. हिंदी अनुवाद बरा केलाय.

१९ नोव्हेंबर
अच्युतराव आले होते. ‘‘उद्यापासून टाकीवर ये सकाळी. दोघं बघू.’’

२४ नोव्हेंबर
माझ्या जागी मिताली! पक्की नोकरी, पीएफसकट. यशवर्धनजींना तिची भाषा आवडली म्हणे. पेढे घेऊन आली, पाया पडली आणि उठता उठता हळूच — ‘‘मामा, पहिला लेख कधीपर्यंत लिहून द्याल?’’
तोंडातून निघून गेलं, ‘‘संध्याकाळी सहापर्यंत.’’
रमाने पेढा माझ्या हातावर ठेवला. ‘‘घ्या! मिळाली मुदतवाढ. बिनपगारी.’’