बस बा, बंडू

२५ जाने., रवि.
आज आईला लातूरहून कायमचं नांदेडला आणायचं होतं. आणलं नाही.
मि., म्हणजे नवरा, गाडी चालवत होता, मी शेजारी, मागे आई आणि तिचा कुत्रा बंडू. चाकूरच्या अलीकडे बंडू ओकला. थांबलो, पुसलं, आईनं पदरानं त्याचं तोंड पुसलं. पुन्हा निघालो तर कुईकुई सुरू. मि. समोर बघतच म्हणाला, "बस बा, बस बा, आलंच नांदेड." आणि बंडूनं दोन सीटांच्या मधून झेप घेतली ती थेट त्याच्या मांडीवर. पुढचे पाय स्टिअरिंगवर. गाडी रस्ता सोडून हरभऱ्यात. मागून ट्रक येत होता, तो हॉर्न वाजवत निघून गेला.
कुणाला खरचटलंसुद्धा नाही. आईनं बंडूला मागे ओढून घेतलं. मग म्हणाली, "गाडी फिरवा. हा नीट बसंल तवा मी येते. ह्याला टाकून न्हाई येत."
फिरवली. दोघांना लातूरला सोडलं, आम्ही दोघंच घरी आलो.

२७ जाने., मंगळ.
रागावता येत नाही हीच पंचाईत आहे. डिसेंबरात आई बाथरूममध्ये पडली तेव्हा तास-दीड तास तशीच पडून होती. बंडूनं भुंकून गल्ली गोळा केली म्हणून दार तोडलं गेलं. ६८ वय, निवृत्त नर्स, एकटी, बीपी. पुढच्या वेळी कुणी नसलं तर? हा प्रश्न डोक्यातून जात नाही. १२ वीची प्रॅक्टिकल्स घेतेय आणि मुलांनी कांद्याची साल स्लाइडवर ठेवली की मला बाथरूमची फरशी दिसते.
स्टाफरूममध्ये झूलॉजीच्या मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ओकणं वेगळं आणि उडी वेगळी. दोन दुखण्यांना एक औषध नको." बरोबर आहे. ही वही त्यासाठीच. डाव्या पानावर ओकणं, उजव्या पानावर उडी.

१ फेब्रु., रवि.
लातूर. जनावरांच्या दवाखान्यात नेला. डॉ. म्हणाले, निघायच्या आधी चार तास पोटात काही नको, फक्त पाणी. काच चार बोटं उघडी, डोकं बाहेर काढू द्यायचं नाही. मांडीवर तर कधीच नाही, ब्रेक लागला की कुत्रं आणि माणूस दोघंही जातात. आधी उभ्या गाडीत बसायची सवय, मग गल्ली, मग हमरस्ता. गळपट्ट्याला बांधायचं नाही, मान मोडते. छातीचा पट्टा घ्या.
पट्टे दुकानात मिळाले ते मांडीवरच्या पांढऱ्या कुत्र्यांच्या मापाचे. बंडू म्हणजे आमच्या पोस्टाच्या पेटीएवढा, वर काळाकुट्ट. शेवटी गोलाईच्या बाजारात बॅगा शिवणाऱ्याकडून शिवून घेतला. त्यानं माप घेताना बंडूला विचारलं, "मालक, सैल का घट्ट?" आई खूप दिवसांनी हसली.
उभ्या गाडीत आईचं जुनं लुगडं अंथरलं. बंडू चढला, वास घेतला, तासभर झोपला. इंजिन सुरू केलं तर एक डोळा उघडला. बस.

८ फेब्रु., रवि.
मी एकटीच आले, गाडी मीच चालवली. बंडू मागे, पट्टा सीटबेल्टच्या खाचेत. औशाच्या रस्त्यानं सहा कि.मी. जाऊन परत. लाळ गाळली, ओकला नाही. उडी नाही. धडपडसुद्धा नाही. मी घाबरून तोंड मिटून गाडी चालवत होते, तो खिडकीतून बघत होता.
डावं पान सुधारतंय. उजवं पान मला कळत नाही.

१५ फेब्रु., रवि.
आज मि. चालवायला, मी मागे बंडूजवळ. तोच रस्ता, तोच पट्टा, तेच लुगडं. रिंग रोडच्या वळणावर मि. "काय गर्दी बा" म्हणाला आणि बंडू पुढे झेपावला. पट्ट्यानं अडवला, तर ताणून ताणून खोकायला लागला. मि. ओरडतोय, "बस बा! अरे बस बा!" तो जितकं ओरडेल तितकं हे जास्त ताणतंय.
म्हणजे गाडीचा दोष नाही. मि.चा आहे. तसं लिहून ठेवलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. परतताना मि.नं चावी माझ्याकडे टाकली आणि मागे जाऊन बसला.

२२ फेब्रु., रवि.
माझा अंदाज होता, मि.चं केसाचं तेल. वासाला कुत्री हुशार. आज त्याला बिनतेलाचा आणला, डोकं शिकेकाईनं धुऊन. मुदखेडचा माणूस, लहानपणापासून तेलाशिवाय घराबाहेर पडलेला नाही. तरी उडी. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली बिचाऱ्याला.
दुपारी जेवण झाल्यावर एक गंमत. मि. ओट्यावर बसून भावाशी फोनवर: "नाय बा... कशाला बा... राहू दे बा." दर थोड्या वेळानं बंडू उठतो, त्याच्यापर्यंत जातो, तोंडाकडे बघतो, परत येऊन पडतो. चार वेळा मोजलं.
आई म्हणाली, "त्याला मिलिंदरावांचा लळा हाय." मि. एकदम फुलला. म्हणे, "बघ, जनावराला माणूस कळतो."
मला मात्र ते लळ्याचं वाटलं नाही. लळा असता तर शेपूट हललं असतं. हा कामाला बोलावल्यासारखा जात होता.

१ मार्च, रवि.
सापडलं!
चाकूरपर्यंत मोठी फेरी ठरली होती. मीच चालवत होते, मि. शेजारी, मागे आई आणि बंडू. मि.ला सक्त ताकीद होती, कुत्र्याशी बोलायचं नाही. चाकूरला हॉटेलात थांबलो. बंडूला सावलीत उतरवला, दोरी आईच्या हातात. पलीकडच्या बाकावर कर्नाटकच्या पासिंगच्या ट्रकचा ड्रायव्हर बशीतून चहा पीत होता. त्यानं टपरीवर उभ्या असलेल्या जोडीदाराला हाक मारली, "बा इल्ली!"
जोडीदार काही हलला नाही. बंडू गेला. आईच्या हातातून दोरी हिसकून सरळ त्या ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी जाऊन उभा.
ड्रायव्हर हसला. "याला कन्नड येतं का?" म्हणाला. मी विचारलं, तुम्ही काय म्हणालात? "ये म्हणालो. बा म्हणजे ये. बा इल्ली, इकडं ये."
मी मि.कडे बघितलं, मि. माझ्याकडे. एक महिना आपण त्याला "बस बा" म्हणून राहिलो आणि तो बिचारा दर वेळी सांगितलं तेच करून राहिला. हरभऱ्यातसुद्धा त्यानं हुकूमच पाळला होता. मि. म्हणाला, "आयला बा." बंडू लगेच त्याच्याकडे.
कर्नाटकच्या सीमेवरच्या उदगीरला दोन वर्षं नोकरी केली मी. बाजारात "बा" शंभरदा कानावर पडला असेल. ट्यूब पेटली नाही ती नाहीच.

त्याच दिवशी, संध्याकाळ
आईकडे परत आल्यावर उलगडा झाला. बंडू हा तिच्या वरच्या खोलीतल्या भाडेकरूचा. बसवराज, कर्नाटकातल्या भालकीचा, बेकरीत कामाला. गावी परतला तेव्हा कुत्रं आईकडे ठेवून गेला, त्याला दोन वर्षं झाली. आमच्याशी तो मराठीच बोलायचा. कुत्र्याशी कुठल्या भाषेत बोलतोस, हे कोण विचारतं?
आईकडे नंबर होता. स्पीकरवर लावला. बसवराज म्हणाला, "सिस्टर, त्याला बस म्हनायचं तर कुंद्रु म्हना. नको म्हनायचं तर ब्याड." मग हळूच म्हणाला, "करिया हाय का तिथं?"
त्या जुन्या नावाला बंडू उभा राहिला. फोनचा वास घेतला, फोनच्या मागे बघितलं, मग जिन्यानं वर जाऊन रिकाम्या खोलीच्या दारापाशी थांबला. आईनं बोलावल्यावरही लवकर खाली आला नाही.
आई जिन्याकडे बघत होती. "दोन वर्सं," म्हणाली, "मी त्याच्याशी परक्या बोलीत बोलून राहिले. त्यानं कधी तक्रार केली न्हाई."
मला त्या क्षणी शोध लागल्याचा आनंद होता. तिचं म्हणणं नुसतं लिहून ठेवतेय.

८ मार्च, रवि.
प्रयोग. मि.ला बा बंद. पहिल्या वीस कि.मी.त तो एकच वाक्य बोलला, तेही डिझेलबद्दल. ह्याच्या बोलण्यातून बा काढला तर फार काही उरत नाही, हे लग्नाच्या चोवीस वर्षांनी कळलं.
बंडू कुईकुई करायला लागला तेव्हा मि.नं आरशात बघत जपून म्हटलं, "कुंद्रु." बंडू बसला. पुढचे पाय जुळवून, शाळेतल्या मुलासारखा. मि.नं पुन्हा एकदा आरशात बघितलं. त्याला वाटत होतं कुत्रं त्याचं ऐकत नाही, आणि ते तर शब्द न् शब्द ऐकत होतं. मलाही वाईट वाटलं. तेलासाठी माफी मागितली.
आईनं मात्र कुंद्रु म्हणायला नकार दिला. "मी बंडूच म्हननार. अन् बस म्हननार. शिकंल." तिचं तो ऐकतो. तिच्या हाताकडे बघून, भाषेकडे नाही.

१५ मार्च, रवि.
अहमदपूरपर्यंत जाऊन परत. आई पाय दुखतात म्हणून आली नाही. ऊन आता चटके देतंय, म्हणून काल रात्रीच लातूरला मुक्कामाला आलो आणि सकाळी सहाला निघालो. तासाला एक थांबा, त्याच्याच वाटीत पाणी, गाडीत एकटा ठेवायचा नाही, मि. आणि मी आळीपाळीनं चहा प्यायलो. ओकारी शून्य. उडी शून्य. वहीची दोन्ही पानं कोरी. जीव भांड्यात पडला.
परत आल्यावर आईला सांगितलं, पुढच्या रविवारी निघायचं. ती "हाव" म्हणाली.

२२ मार्च, रवि.
निघालो नाही.
सकाळी पोचलो तर आईचं सामान बांधलेलंच नाही. शेवया वाळायच्यात. गॅसचा नंबर लावलाय. नंतर म्हणे, १४ एप्रिलला जयंती, गल्लीतली खीर दरवर्षी तिच्या देखरेखीखाली होते, त्याआधी हलता येत नाही. मी चिडले. "तूच म्हणालीस ना, बंडू नीट बसला की येते? सात रविवार घातले मी. बसतोय आता तो." आवाज चढला माझा. शेजारच्या काकू दारात येऊन परत गेल्या.
आई म्हणाली, "बसतो की. मी कुठं न्हाई म्हनले."
येताना मि. फार जपून म्हणाला, "सुजाता, तू त्याची वही ठेवलीस. त्यांची ठेवली नाहीस." खरं होतं म्हणून राग आला.

२८ मार्च, शनि.
एकटी बसनं आले, मुक्कामाला. वही पिशवीतच ठेवली. आईच्या पायाला तेल चोळता चोळता विचारलं, तुला नांदेडला काय नको वाटतं?
तिनं लगेच सांगितलं. म्हणजे उत्तर तयारच होतं, मीच विचारलं नव्हतं.
"इथं दिवसातून चार जणी दारातून हाक मारतेत. सिस्टर हाय का, बीपी बघा, लेकराला ताप हाय. पस्तीस वर्सं नोकरी केली, ते अजून सुरू हाय. तुझ्याकडं लिफ्ट हाय."
मी म्हटलं, इथं पडलीस तर?
"पडंन. ती भीती मला न्हाई का? तुझ्यापेक्षा जास्त हाय. त्या फरशीवर मी होते, तू न्हाई." मग बंडूकडे बघून, "त्याला तरी कुनी इचारलं का, राजा, राहतो का इथं? बसवराज खोली रिकामी करून गेला, ह्याला ठेवून. ह्यानं निभावलं. मी म्हातारी, मला निभंल का न्हाई, ते मला बघू दे. तू ठरवू नको."
मला रडू आलं. तिनं माझं डोकं थोपटलं, नर्स थोपटते तसं, दोनदा.

२९ मार्च, रवि.
मि. सातला गाडी घेऊन आला. बंडू स्वतःच चढला. मी आईला काही म्हटलं नाही. ती ओट्यावर उभी. मग आत गेली, औषधांचा डबा आणि बीपीचं यंत्र घेऊन बाहेर आली. पिशवी नाही, साड्या नाहीत. कुलूप लावलं. शेजारच्या काकूंना म्हणाली, "येते गं, बघून येते." मागे बसली, बंडूचा पट्टा स्वतःच्या हातानं लावला.
"अहमदपूरपर्यंत जाऊ. पुढचं तिथं सांगते."
आता अहमदपूर. पावणेदहा. हे बॉनेटवर वही ठेवून लिहितेय. बंडू पाणी पितोय. मि. चावी हातात घेऊन उभा आहे, तोंडातून बा निघू नये म्हणून ओठ मिटलेत. आई सीटवर बसून आहे. एका बाजूला लोहा, नांदेड. दुसऱ्या बाजूला चाकूर, लातूर. ती दोन्हीकडे बघतेय आणि मी तिला घाई करत नाहीये.