नवी बॅग जुनी करून मागणारे गृहस्थ

मी, खाली सही करणारी, धंदा कथालेखन (सध्या बंद), असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे आणि माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. डॉक्टरीणबाईंनी तपासून तसा शेरा दिला आहे. नवरा गेल्यापासून मला कशाचेच काही वाटत नाही, रडूही आलेले नाही, हे शुद्धीत असण्यात बसते का, असे मी त्यांना विचारले. कायद्यात बसते, म्हणाल्या.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या मुलीला द्यावी. घर ठेवायचे की विकायचे हे तिने ठरवावे. माझ्या फोटोसमोर उभे राहून मला विचारू नये, मी उत्तर देणार नाही. स्वयंपाकघरातल्या नळाचे आटे गेले आहेत, तो बेताने पिळावा.

२. माझ्या पुस्तकांचे हक्क पुतणीला द्यावेत. अट एकच. मासिकाच्या संपादकांना कोणताही शेवट बदलू देऊ नये. त्यांनी माझ्या एका कथेतली बाई मला न विचारता शेवटी नवऱ्याकडे परत पाठवली. ती गेली नसती. हा राग मी कोणाच्याही नावे करत नाही, माझ्याबरोबर नेते.

३. धाकट्या दिरांना, म्हणजे पुतणीच्या वडिलांना, एक उत्तर द्यावे. "वहिनी, तुम्हाला हे सुचतं तरी कुठून?" असे ते दर भेटीत विचारत आणि मी तोंड उघडायच्या आत आपल्या गुडघेदुखीवर घसरत. तर भावजी, मला काही सुचत नसे. तुमच्या भावाच्या बॅगदुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक येई. चेन, मूठ, चाके दुरुस्त होईपर्यंत ते बोलत बसे आणि तुमचा भाऊ मध्ये तोंड घालत नसे. सकाळी चहा पिताना तो मला त्यातले अर्धेच सांगे, गोष्ट अडेल तिथवर. तेवढे मी कागदाच्या डोक्यावर पेन्सिलीने लिहून घेई आणि पुढचे मनाने रचे. संध्याकाळी मी माझा शेवट वाचून दाखवला की मग तो खरा शेवट सांगे. आधी नाही, कितीही गळ घातली तरी नाही. बहुतेकदा माझा सरस निघे. एकदा त्याचा निघाला, तेव्हा मी जेवताना त्याच्याशी बोलले नव्हते.

कोऱ्या कागदाची मला कधी भीती वाटली नाही, कारण तो माझ्यापुढे कधी कोरा आलाच नाही. पुतणी तासन्‌तास कोऱ्या कागदाकडे बघत बसते. तिने उठावे, कोणाच्या तरी शेजारी जाऊन बसावे आणि गप्प राहावे.

४. टेबल, पेन्सिली आणि खोडरबर पुतणीला.

५. टेबलावर पितळी वजनाखाली एक कागद आहे, तोही तिलाच. त्यावर लिहिले आहे, "एक गृहस्थ नवी कोरी बॅग घेऊन आले आणि म्हणाले, ही जुनी दिसेल अशी करून द्या." त्या सकाळी नवऱ्याने एवढेच सांगितले, कप विसळला आणि दुकानात गेला. दुपारी तिथेच बसल्या जागी गेला. त्यानंतर मी एक ओळ लिहिलेली नाही. माझे ऐकून घेऊन खरे सांगणारा नाही, मग रचून करू काय? दुकानाशेजारचे घड्याळवाले त्या गृहस्थांच्या वेळी दुकानात बसलेले होते, त्यांना शेवट माहीत आहे. ते दोनदा सांगायला आले. दोन्ही वेळा मी दार लावून घेतले. पुतणीने कथा लिहावी, मग त्यांना विचारावे.

पुरवणी, सह्यांच्या आधी. आज घड्याळवाले साक्षीदार म्हणून आले. वरचे सगळे त्यांनी भिंगातून, ओळीवर बोट ठेवून वाचले. पाचव्या कलमाशी थांबले आणि म्हणाले, "वहिनी, मला हल्ली गिऱ्हाइकांची नावं आठवत नाहीत. हे अजून आठवतंय. आता सांगून टाकू का?"

मी हो म्हणणार होते. सांगून टाकले असते तर विषय संपला असता. पण ते सांगायला पुढे सरकले तसे माझ्या मनात आले की ते गृहस्थ घरी काय म्हणणार होते, ही बॅग किती वर्षांची आहे म्हणून सांगणार होते, आणि कोणाला. मला राग आला. बऱ्याच दिवसांनी काहीतरी आले.

"थांबा," मी म्हटले. "उद्या संध्याकाळी या. आधी माझं ऐका, मग तुमचं सांगा."

"बरं," म्हणाले, आणि भिंग खिशात ठेवले.

सबब कलम पाच रद्द समजावे. कागद मला लागणार आहे. कलम चारमधल्या पेन्सिलीही तूर्त देऊ नयेत. बाकी सर्व कायम.

साक्षीदार:
१. शेजारचे घड्याळवाले (सही)
२. डॉक्टरीणबाई (सही)

लिहून देणार: मी (सही), धंदा कथालेखन

ठिकाण: लिहिण्याचे टेबल
दिनांक: आजचा, दुपार