अकरा आठवड्यांच्या हिरड्या

मी, एदेल्मीरा आरोस्पिदे तेचेरा, वय एक्याऐंशी, अविवाहित, मॉन्तेविदेओ येथून रसायनशास्त्राची पदवी घेतलेली, राहणार सांता ब्राउलिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून नोटरी ग्रिसेल्दा बास यांच्यापुढे ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला देण्याआधी डॉक्टरांनी मला आज कोणता वार ते विचारले. मी सांगितला. मग त्यांनी भिंतीवरचे कॅलेंडर पाहून स्वतःची खात्री करून घेतली. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. आजवर कोणाला जमलेले नाही. १९९८ साली केलेले मृत्युपत्र मी या कागदाने रद्द करते.

कलम १. मला वडिलांच्या शेजारी पुरावे. पेटी साधी असावी. माझ्या तोंडातली कवळी काढू नये. ती मी स्वतः केली आहे आणि या जिल्ह्यात तिच्या तोडीची दुसरी नाही. नगरपालिकेतर्फे कोणी भाषण करू नये.

कलम २. माझे राहते घर, मागची कवळ्यांची कार्यशाळा, पॉलिशचे चाक, पितळी साचे आणि उकळण्याची दोन्ही पातेली मी निल्दा कोरुहो हिला देते. ती चौतीस वर्षे माझ्याबरोबर काम करते आहे. या मृत्युपत्राचा अंमलही तिनेच करावा.

माझा भाचा वॉशिंग्टन म्हणतो, "आत्या, निल्दा आपली कोण?" निल्दाच्या वरच्या ओळीतला पुढचा एक दात मी केलेला आहे. ती नऊ वर्षांची होती तेव्हा पहिल्यांदा केला आणि जबडा वाढत गेला तसा चार वेळा बदलला. वॉशिंग्टनने माझ्याकडून मोटरसायकल नेली होती, ती परत आणलेली नाही. कोण आपले ते त्याने ठरवावे.

कलम ३. वॉशिंग्टनला मी घराशेजारच्या मोकळ्या जागेतले लोखंडी खांब, जाळी आणि चार दिवे देते. हे सारे त्याचेच आहे. १९९३ साली देशभर पॅडल नावाच्या, टेनिससारख्या खेळाची टूम आली, तेव्हा त्याने माझ्या जागेत सिमेंटचे मैदान बांधले. "आत्या, ही टूम नाही, हे भविष्य आहे," तो म्हणाला. भविष्य चौदा महिने टिकले. आता तिथे निल्दाच्या कोंबड्या असतात. पुढे त्याने व्हिडिओ कॅसेटचे दुकान काढले आणि परवा-परवा बोटावर फिरणाऱ्या भिंगऱ्यांची दोन खोकी आणली. तीही माझ्या माळ्यावर आहेत. तीही त्याने न्यावीत.

मी त्याला हसत नाही, हे इथे मुद्दाम लिहिते. टूम थोडे दिवस टिकते म्हणून ती खोटी असते, असे मला कधी वाटले नाही. आमच्या अंगणातले पीचही तीन आठवडेच टिकतात. त्यांना कोणी खूळ म्हणत नाही.

कलम ४. आता मुख्य गोष्ट. गावात मला सगळे दोन्या, म्हणजे बाईसाहेब, म्हणतात. नोटरीबाईही म्हणाल्या, "दोन्या, हे मृत्युपत्र आहे, वर्तमानपत्राला लिहिलेलं पत्र नव्हे." मी म्हटले, "पत्र त्यांनी छापलं नाही, म्हणूनच इथे लिहितेय."

मार्च १९७२ मध्ये शाळा उघडल्या आणि राजधानीतले एक खेळणे गावात आले. दोरीच्या दोन टोकांना दोन गोळे, मध्ये कडी. कडी बोटात धरून हात वर-खाली केला की गोळे एकमेकांवर खाली आणि वर आपटतात, टक-टक-टक. औषध दुकानदार क्लॉदिओ बेर्रुती यांनी चाळीस जोड मागवले. दुपारपर्यंत संपले. पुढचा माल येईना. मुलांनी दोरीला दगड बांधले, दारांच्या मुठी बांधल्या, एकाने शिळे पाव बांधले.

माझे वडील, एवारिस्तो, कवळ्या करायचे. मी पदवी घेऊन परत येऊन त्यांच्याच बाकावर बसले होते. कवळीचा ॲक्रिलिक आणि त्या गोळ्यांचा माल जातीने एकच आहे, हे मला पहिल्या दिवशी कळले. वडील म्हणाले, "आपण तोंडं दुरुस्त करतो, खेळणी करत नाही." मी म्हटले, "बाबा, गावात म्हाताऱ्यांपेक्षा पोरं जास्त आहेत."

आमच्याकडे एकच रंग होता, हिरडीचा. गुलाबी पूड, आणि हिरडी जिवंत दिसावी म्हणून तिच्यात मिसळलेले बारीक लाल धागे. पूड आणि द्रव कणकेसारखे मळायचे, साच्यात दाबायचे आणि पाणी अगदी सावकाश उकळीला न्यायचे. घाई केली की आत बुडबुडे राहतात आणि गोळा कमकुवत होतो. माझे गोळे भिंतीवर आपटून पाहा. भिंतीचा गिलावा पडेल.

पहिला जोड शाळेत गेला त्याच दिवशी मुलांनी त्याला नाव दिले: हिरड्या. पंधरा दिवसांत गावात दुसरा शब्दच उरला नाही. लोक कवळीची मापे द्यायला येत आणि म्हणत, "माझे दात पुढच्या महिन्यात केलेत तरी चालेल, दोन्या, आधी पोरीला हिरड्या द्या. घरात राहू देत नाही." पाद्रीबाबांनी दारात टोपली ठेवली. प्रार्थनेआधी सगळ्यांनी हिरड्या टोपलीत टाकायच्या. स्वतःच्या ते झग्याच्या खिशात ठेवत, आणि गुडघे टेकताना त्या वाजत. माझे वडील, ज्यांना खेळणी करायची नव्हती, ते बाकाखाली पाय ताणून दोनशेपर्यंत न चुकता वाजवायला शिकले. मी त्यांना तसे हसताना आधी पाहिले नव्हते.

मे महिन्यात बेर्रुतींचा दुसरा माल आला. बाटलीच्या काचेसारखे पारदर्शक गोळे, वजनाला हलके. त्यांनी दुकानाबाहेर पाटी लावली: 'काचेसारख्या हिरड्या आल्या.' शब्द माझ्या गोळ्यांचा होता, पण मी तक्रार केली नाही. तिथे माझी चूक झाली. या कागदात मी कबूल करत असलेल्या दोन चुकांपैकी ही पहिली.

२६ मे रोजी मधल्या सुट्टीत एक गोळा फुटला. तुकडा निल्दाच्या तोंडावर लागला. ओठ फाटला, दात गेला. बाईंनी विचारले, "काय झालं गं?" रक्ताने भरलेल्या तोंडाने ती एवढेच म्हणाली, "हिरडी फुटली." डॉक्टरही आधी तिची हिरडीच तपासत बसले.

नगर मंडळाची बैठक तीन दिवसांनी भरली. बेर्रुती मंडळाचे सभासद होते. मी उभी राहून म्हटले, "तुकडा दाखवा."

"तुकडा कशाला? पोरगीच म्हणाली ना, हिरडी फुटली?"

"कुठली हिरडी? गुलाबी की काचेची?"

"हिरडी म्हणजे हिरडी, दोन्या," बेर्रुती म्हणाले. "गावात हिरड्या कोण करतं?"

सगळे हसले. ठराव क्रमांक ४१ त्याच दिवशी मंडळाच्या वहीत लिहिला गेला: 'आरोस्पिदे कार्यशाळेत तयार झालेली हिरडी फुटून मुलीस इजा झाली, सबब गावाच्या हद्दीत हे खेळणे वाजवण्यास मनाई.' मी निल्दाला दात करून दिला, तर बेर्रुती लोकांना म्हणाले, "बघा, हिचं मन हिला खातंय."

जून उजाडेपर्यंत मुले चित्रांची कार्डे जमवू लागली होती. अकरा आठवड्यांत सगळे संपले. गाव हिरड्या विसरले. वही विसरली नाही. माझ्या वडिलांनी त्यानंतर मरेपर्यंत, म्हणजे दोन वर्षांत, नऊ कवळ्या केल्या. गावाला दात हवे होते, आमच्या हातचे नको होते. बाकाखालचा जोड त्यांनी पुन्हा हातात घेतला नाही.

कलम ५. गेल्या वर्षी निल्दाची आई वारली. ती तीस वर्षे बेर्रुतींच्या घरी इस्त्रीला जात होती. तिचा शिवणाचा डबा आवरताना निल्दाला एक काडेपेटी सापडली. ती घेऊन ती थेट माझ्या बाकापाशी आली.

"दोन्या, आईने माझा दात जपून ठेवला होता."

"बरं केलं."

"त्याच्याबरोबर हेही आहे."

डॉक्टरांनी ओठातून काढलेला तुकडा. मी तो दिव्याखाली धरला. पारदर्शक. एकही लाल धागा नाही.

"तिला माहीत होतं," निल्दा म्हणाली. "इतकी वर्षं तिला माहीत होतं, आणि ती तुमच्या मागच्या दाराने मला दात बसवायला आणायची."

"तिला घर चालवायचं होतं," मी म्हटले. "रडू नकोस. बाकावर पाणी नको."

मी तुकडा घेऊन महापौरांकडे गेले. ते भले गृहस्थ आहेत, असे लोक म्हणतात. ते म्हणाले, "अहो दोन्या, त्या चार दिवसांच्या खुळाचं आता काय घेऊन बसलात?"

"अकरा आठवड्यांच्या," मी म्हटले. "आणि एकावन्न वर्षांच्या वहीचं."

ती काडेपेटी या मृत्युपत्राबरोबर नोटरीबाईंच्या तिजोरीत राहील.

कलम ६. दुसरी चूक. आठव्या आठवड्यात मागणी इतकी वाढली की एका शनिवारी मी पाणी घाईने उकळवले. बारा जोड बिघडले. प्रकाशात धरले की आतले बुडबुडे दिसतात. त्यांतला एकही मी विकला नाही. ते बाराही जोड बिस्किटांच्या डब्यात, तिसऱ्या खणात आहेत. हे मला पन्नास वर्षांत कोणी विचारले नाही, पण कोणी विचारले नाही म्हणून खरे लपवायचे, ही रीत बेर्रुतींच्या घरची आहे, माझी नाही. हा डबा मी त्यांचा मुलगा ओमेरो बेर्रुती याला देते. त्याने एक गोळा हातोड्याने फोडावा. तुकडा गुलाबी निघेल आणि त्यात धागे दिसतील. वाईटातला वाईट माल फुटला तरी तो आपली सही दाखवतो. ओमेरोशी माझे वैर नाही. त्याने फक्त पाहावे.

कलम ७. घराशेजारची ती मोकळी जागा शाळेच्या भिंतीला लागून आहे. शाळेचे पटांगण वाढवण्यासाठी नगरपालिकेने ती माझ्याकडे तीनदा मागितली आहे. मी ती देते, फुकट, कायमची. अट एकच. माझ्या मृत्यूनंतर एक वर्षाच्या आत, ठराव क्रमांक ४१ च्या खाली, त्याच वहीत, शाईने ही ओळ लिहावी: '२६ मे १९७२ रोजी फुटलेला गोळा आरोस्पिदे कार्यशाळेचा नव्हता.' आणि ती पटांगणात मुलांसमोर मोठ्याने वाचावी.

माफी नको. माफी मागणारा लगेच मोकळा होतो. मला ओळ हवी.

वर्षात ओळ लिहिली गेली नाही, तर जागा निल्दाच्या कोंबड्यांसाठी राहील. मुलांचे पटांगण अडवल्याचा दोष मला देतील. द्यावा. एक खोटा दोष मी एकावन्न वर्षे वागवला आहे, हा निदान माझा स्वतःचा असेल.

कलम ८. मनाई अजून उठलेली नाही. म्हणून मी ३० मे १९७२ पासून रोज सकाळी अकरा वाजता माझ्या दारासमोरच्या फुटपाथवर उभी राहून ती मोडते. पाऊस असो, पाहुणे असोत. पहिल्या दिवशी केलेला जोड आहे, दोरी चव्वेचाळीस वेळा बदलली, गोळे तेच. मला दंड व्हावा, अशी माझी इच्छा होती. दंड झाला की अपील करता येते, आणि अपील झाले की वही उघडावी लागते. आजवर एकाही पोलिसाने मला दंड केला नाही. हवालदार मिल्तोन पिरिस सायकलवरून जाताना म्हणतो, "दोन्या, आज हात झकास!" त्याच्या आधीचा हवालदार माते या आमच्या कडू चहाचा पेला पुढे करायचा. चांगुलपणाने माझे जेवढे नुकसान झाले, तेवढे दुसऱ्या कशाने झाले नाही.

हा जोड मी निल्दाला देते. माझी अंत्ययात्रा नगरपालिकेच्या दारावरून न्यावी आणि तिथे निल्दाने तो वाजवावा. तिला दोनशेपर्यंत येते.

पुरवणी, माझ्याच हातची. नोटरीबाई माझ्या घरी आठवे कलम वाचत असताना घड्याळात अकरा झाले. मी उठले. त्या म्हणाल्या, "दोन्या, सही राहिलीय." मी म्हटले, "सही कुठे जात नाही." तिन्ही साक्षीदारांना दारात यायला सांगितले. हिरड्यांचा जोड घेऊन मी पायरी उतरले आणि फुटपाथवर उभी राहिले. दोनशे पूर्ण केले. हवालदार पिरिस, जो आज साक्षीदार म्हणून आला आहे, तो गणवेशात होता.

"दोन्या," तो म्हणाला, "मला साक्षीदार म्हणून बोलावलंत की पोलीस म्हणून?"

"तू दोन माणसं आहेस का?"

"नाही."

"मग सही कर."

नोटरीबाईंनी आपल्या दाखल्यात हे लिहायला आधी नकार दिला. मी विचारले, "घडलं की नाही?" त्या म्हणाल्या, "घडलं." "तुमच्या डोळ्यांसमोर?" त्यांनी पेन उघडले.

म्हणजे आता गुन्हा घडल्याचा सरकारी कागद झाला. तारीख आहे, वेळ आहे, पोलिसाची सही आहे. नगरपालिकेने एक तर मला दंड करावा, नाहीतर वही उघडावी. दंड झाल्यास माझ्या मिळकतीतून तो कोणीही भरू नये. अपील करावे.

एदेल्मीरा आरोस्पिदे तेचेरा (सही)

हे मृत्युपत्र वाचून दाखवले असता लिहून देणाऱ्या बाईंनी ते बरोबर असल्याचे सांगून आम्हा सर्वांसमक्ष सही केली. पुरवणीत लिहिलेले कृत्य गावाच्या हद्दीत, अकरा वाजता, आमच्या समक्ष घडले. गोळे गुलाबी होते व शाबूत आहेत.

साक्षीदार:
ग्लादिस ओलासो, निवृत्त मुख्याध्यापिका (सही)
एल्बिओ नुनेस, बेकरीवाले (सही)
मिल्तोन पिरिस, हवालदार, कामावर असताना (सही)

ग्रिसेल्दा बास, नोटरी (सही व शिक्का)

सांता ब्राउलिया, १४ नोव्हेंबर २०२३, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे.