उशीर न करणारा पडदा

३ फेब्रुवारी, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस निर्विघ्न पार पडला. जिन्यात अडखळले नाही, कुणाला अहोच्या जागी अरे म्हटलं नाही, डब्यातली आमटी पिशवीत सांडली नाही. माझ्या मानाने हे पुष्कळ झालं.

ऑफिस म्हणजे तीन खोल्या. खाली किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान आहे, त्यामुळे दिवसभर कानशीचा आवाज वर येतो. आमचं काम असं की लोकांनी विकत घेण्याआधी वस्तू आपण वापरायची आणि खरं काय ते लिहायचं. मुलाखतीत संपादकबाईंनी शाळेचं विचारलं होतं. लहानपणी दम्यामुळे मी बरीच वर्षं शाळेत गेलेच नाही, बाबांच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात बसून शिकले, असं सांगून टाकलं. गेली नोकरी असं वाटलं. तर बाई म्हणाल्या, मग तुला चाचणीच्या खोलीतच टाकते.

खोली छान आहे. खिडक्यांच्या काचांवर काळा कागद, एक लांब टेबल, आणि बसलं की कुरकुरणारी खुर्ची. संध्याकाळी बाबांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी पुन्हा आपले दोन नियम बजावले. रंग लाघवी असतात, म्हणून आधी राखाडी बघायचा. आणि बघता बघताच लिहायचं, नंतर लिहिलं की ती आठवण होते, नोंद राहत नाही. मग म्हणाले, ठमाबाई, आता तुम्ही मोठ्या झालात, आम्हाला ओळख दाखवा म्हणजे झालं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पहिलं काम मिळालं. कमी किमतीतला गेमिंग मॉनिटर. दिवसा काम-अभ्यास, संध्याकाळी खेळ आणि खिसा बेताचा, अशा वाचकासाठी लिहायचं आहे.

खोक्यातल्या कागदावर लिहिलंय की पडदा टेबलावर पालथा घाला आणि मग मागचा पाय बसवा. माझ्याच्याने ते होईना. आमच्या घरी काच कधी खाली ठेवत नाहीत. चष्म्याची भिंगं टेबलाकडे करून ठेवली की बाबा जेवता जेवता उठून तो सरळ करायचे. आई असताना तिलाही ओरडायचे. शेवटी पडदा मांडीवर उभा धरून पाय बसवला. ऑफिसातला कॅमेरावाला दारातून बघत होता. बाळाचा ढेकर काढतेयस का, असं विचारून गेला.

नोंदी: पाय डुगडुगतो. वायर आखूड. रंग निळसर, पण सेटिंगमध्ये थोडे सुधारतात. बाजूने बघितलं की चित्र फिकं पडतं. काळ्या चित्रात खालच्या कोपऱ्यातून उजेड झिरपतो. स्पीकरचा आवाज डबीत कोंडलेल्या भुंग्यासारखा, हेडफोन लावणंच बरं. राखाडी मात्र एकदम स्वच्छ. इतक्या स्वस्त पडद्यात इतका स्वच्छ राखाडी मी पाहिलेला नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज उशिराची चाचणी. बटण दाबल्यावर पडद्यावर चित्र उमटेपर्यंत थोडा वेळ जातोच. महागात कमी जातो, स्वस्तात जास्त. बोट आणि पडदा दोन्ही एकाच कॅमेऱ्यात घ्यायचं आणि चित्रण हळू करून बघायचं.

पडदा उजळला तेव्हा बोट अजून बटणाच्या वर होतं.

पुन्हा केलं. तेच. कॅमेरा बदलला, कीबोर्ड बदलला. बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, उशीर शून्याच्या खाली गेला म्हणजे मॉनिटर हुशार झाला नाही, तू दमलीयस. उद्या ताज्या डोळ्यांनी कर. खरंच आहे. चूक माझीच असणार. 'मोजणीत दोष' असं लिहून ठेवलंय.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

खेळाची चाचणी. गोळीबाराच्या खेळात मी कॅमेरावाल्याला सलग हरवलं. तो या खेळात मुरलेला आणि मी नवखी. तो कोपऱ्यातून बाहेर यायच्या आधीच मला दिसायचा. शेवटी हेडफोन काढून म्हणाला की तुझ्या डोळ्यांत जादू तरी आहे, नाहीतर तू लबाड तरी आहेस, आणि तुझं तोंड बघून लबाड वाटत नाही. सगळे हसले. मीही हसले. पण मला जिंकल्यासारखं वाटलं नाही.

रोजच्या वापराचं बघण्यासाठी मॉनिटर आठवडाभर घरी आणलाय. माझ्या खोलीत टेबल एकच, त्यामुळे जेवण आता पलंगावर. बाबांना व्हिडिओ कॉल केला. त्यांची ती जुनी खुर्ची, बाजूला रेडिओ, रेडिओला टेकवलेला फोन. मी निळा दिसतो का, असं त्यांनी स्वतःच विचारलं. दिसता म्हटलं, तर म्हणाले, मग नीट लाव पडदा, मी काय शाईच्या दौतीत पडलोय?

एक नोंद: बाबांचे ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो. नेट संथ असेल.

९ फेब्रुवारी, रविवार

नेट संथ नाही.

बोलता बोलता बाबा पडद्यावर उठून गेले. खुर्ची रिकामी. मग हेडफोनमध्ये दारावरची बेल वाजली. बाबांचा आवाज म्हणाला, थांब हं, दूधवाला दिसतोय.

बेल वाजायच्या आधीच ते उठले होते. मी पाहिलंय. पाहता पाहताच लिहिलंय, वर अक्षर वाकडं आलंय ते त्यामुळे.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज घरी बसून परीक्षण लिहायला घेतलं. 'पाय डुगडुगतो' हे वाक्य मी लिहायच्या आधी पडद्यावर आलं. शब्द अगदी मला सुचले होते तेच.

मग ठरवून बघितलं. पडद्यावर एक अक्षर उमटलं की ते मुद्दाम दाबायचंच नाही. 'ब' उमटला. मी हात मागे घेतला. कोपर कपाला लागलं, चहा सांडला, कीबोर्ड वाचवायला हात पुढे केला आणि बोट नेमकं 'ब'वर पडलं.

टेबल पुसलं. पुसताना रडू आलं, उगाचच.

११ फेब्रुवारी, मंगळवार

बाईंना सगळं सांगितलं. रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. नवीन जागा, एकटी राहणं, डोळ्यांना ताण, असं समजुतीने बोलत राहिल्या. चार दिवस बाबांकडे जाऊन ये म्हणाल्या. मी म्हटलं, परीक्षण अर्धं टाकून कशी जाऊ? मला अर्धवट काम टाकता येत नाही. घरचं वळण.

पडदा खोटं काही दाखवत नाही. जे तो नंतर दाखवणार असतो, तेच आधी दाखवतो, एवढंच. आणि हे अंतर वाढतंय. आधी पापणी लवण्याएवढं होतं. मग श्वासाएवढं. आज कोपऱ्यातलं घड्याळसुद्धा पुढे आहे. मनगटावरच्या घड्याळात दुपार असते तेव्हा पडद्यावर संध्याकाळ.

बाबांना फक्त फोन केला. चित्राशिवाय. फार खोकतात.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी राखाडी चाचणी लावली. पूर्ण पडदा राखाडी हवा होता.

त्यावर बाबांची खोली आली. कॉल चालू नव्हता. मी कुणालाही लावला नव्हता. तरी खुर्ची, रेडिओ, रेडिओवर सकाळचं तिरपं ऊन.

खुर्ची रिकामी. जरा मागे सरकलेली. टेबलावर चष्मा.

चष्मा पालथा. भिंगं खाली.

बाबा कधीच तसा ठेवणार नाहीत. तापात ठेवला नाही, आई गेली त्या दिवशीही ठेवला नाही. हातातून निसटला तरच.

मी लगेच फोन लावला. बाबांनी उचलला. मजेत होते. विचारलं, तुम्ही खुर्चीत आहात ना? म्हणाले, मग काय तुझ्या मांडीवर बसू?

पडद्यावरचं घड्याळ शनिवारची सकाळ दाखवतंय.

पण एका मोजणीला मोजणी म्हणत नाहीत. बाबांचंच वाक्य. उद्या नीट मोजते. उगाच धावत जाऊन त्यांना घाबरवायचं आणि चूक माझीच निघायची.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दिवसभर मोजलं. मनगटावरचं घड्याळ, भिंतीवरचं, शेजारच्या मुलीचं. वायर बदलून. बंद करून, चालू करून. दरवेळी तेच उत्तर, जे काल पहिल्यांदाच मिळालं होतं. शनिवारची सकाळ. त्याच्यापुढे नुसता राखाडी.

खात्री पटली तोवर आजची बस निघून गेली होती.

मी मोजत बसले. बाबा आणि मी यांच्यामध्ये एक बस होती आणि मी मोजत बसले.

उद्या पहाटेचीच आहे आता. पोचायला दुपार होईल. बाबांच्या शेजारच्या काकूंना फोन केला, त्या लेकीकडे गेल्यात. डॉक्टरांना केला. ते म्हणाले, परवाच तपासलंय, वयाचा खोकला आहे, तरी दवाखान्यात जाताना उद्या डोकावतो. आजच जा म्हटलं, तर हसले.

मग बाबांना. लपवायचं ठरवलं होतं. त्यांनी विचारलं, पडदा कसा आहे. मला त्यांच्याशी खोटं बोलता येत नाही, त्यांनीच तशी वाढवलीय. सगळं सांगितलं. खुर्चीचं सांगितलं. चष्म्याचंही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, रिकामी खुर्ची ना? मग चहा करायला गेलो असेन. चष्म्याचं ऐकून मात्र म्हणाले, छे, पालथा मी नाही ठेवणार, तुझा पडदाच बिघडलाय. ये तू, दोघं मिळून उघडून बघू त्याला.

रात्री मॉनिटरची वायर काढून ठेवली. उद्या व्हिडिओ कॉल लागणारच नाही. लागलाच नाही तर ते चित्र यायचं कुठून?

१५ फेब्रुवारी, शनिवार

संपामुळे पहाटेची बस सुटलीच नाही. आता सकाळची मिळेल म्हणाले. तोवर पिशवी घेऊन खोलीवर परत आले.

तिकीट कॉम्प्युटरवर काढावं लागलं, म्हणून वायर जोडली. त्याच क्षणी —

बाबांचा कॉल. मी लावला नाही. त्यांनी लावला. फोन पिशवीत अगदी तळाशी, हात कॉम्प्युटरवर, आणि मी उचलला. सवयीने उचलला.

पडद्यावर रिकामी खुर्ची. ऊन तिरपं. चष्मा पालथा.

कानात बाबा बोलतायत. पडद्यावर नाहीत, कानात आहेत. ठीक आहेत. खुर्चीतच आहेत म्हणाले. आज चहा करायला उठणारच नाही म्हणाले, तुझ्या पडद्याला खोटं पाडतो.

कॉल तोडू का? तोडला असता तर पडद्यावर तुटलेला दिसला असता. दिसत नाही. म्हणजे मी तोडणार नाही.

बोलतेय. लिहितेय. त्यांनी सांगितलं, लिहीत राहा, हात स्थिर राहतो. लहानपणी दम लागला की असंच बसवायचे, अक्षरं गिरवायला लावायचे, ते आठवतं का विचारतायत. हो म्हटलं. तुझी आई म्हणायची, पोर मरायला टेकलीय आणि तुम्ही बाराखडी घेताय. हसतायत. खोकला. खोकला थांबत नाही —

थांबला. पाणी प्या म्हटलं. उठायचं नाही ठरलंय ना, म्हणाले.

डॉक्टर येतीलच. डॉक्टर निघाले असतील.

आवाज बारीक झालाय. म्हणाले, ठमाबाई, तू दिसत नाहीयेस मला नीट. डोळ्यांत पाणी आलंय बहुतेक. चष्मा पुसतो.

नको म्हटलं. राहू द्या, काढू नका —

काढला वाटतं.

मग भिंगं वर ठेवा. ऐका, बाबा, भिंगं वर. एवढंच. तेवढं झालं तर पडदा खोटा. हो म्हणाले. मला शिकवतेस होय, म्हणाले. हळू म्हणाले.

पडद्याकडे बघत नाही. फक्त ऐकतेय. काडी टेबलाला लागली तर बारीक आवाज येतो, काच लागली तर —

ठेवला.

काच.

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज. पालथा पडलाय म्हटलं, उचला, सरळ करून ठेवा, बाबा, सरळ क