उशी मी नेतोय

पियूष,

काल फोनवर तुला नको ते बोललो, सॉरी यार. मला वाटलं, तू मला न सांगता आपली रोडस्टर गाडी चालवलीस. पण आज सकाळीही पिरंगुटच्या शेडमध्ये इंजिनच्या टर्बोला हात लावला तर चटका बसला. गाडीची बॅटरी तर रात्रभर इथे, आपल्या किचनमध्ये चार्जिंगला होती.

सीटही पार स्टिअरिंगपर्यंत पुढे ओढलेली. आपण दोघंही ताडमाड.

हे इंजिन बसवताना आपण नारळ फोडला, पण ते कुणाच्या गाडीतलं, हे विचारलंच नाही. आज भंगारवाल्याला विचारलं. अपघातात गेलेल्या एका बाईंची गाडी होती. ठेंगण्या होत्या म्हणे, उशीवर बसून चालवायच्या. ती उशी त्याने फेकून दिली.

तू शेडवर येऊ नकोस. तुझी छोटी उशी मी नेतोय.

निषाद